फाट्यापर्यंतची सायकल

रेल्वे स्टेशनच्या नावाला 'रोड' हा शब्द जोडलेला दिसला की समजावं, ते गाव तिथं नाही. कुर्डुवाडीचं जुनं नाव 'बार्शी रोड' होतं आणि बार्शी तिथून २१ मैलांवर होती. आमच्या जिल्ह्यात आजही 'कळंब रोड' नावाचं स्टेशन आहे. ते आहे कसबे तडवळ्याला. कळंबला जायचं असेल तर उतरून पुन्हा रस्ता धरायचा. स्टेशनला नाव देणाऱ्यांनी निदान खोटं तरी सांगितलेलं नाही. 'रोड' म्हणजे, आमचं काम इथं संपलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

हे 'पुढचं' कोण बघतं, हाच या लेखाचा विषय आहे.

आमच्या भागात रेल्वे फार लवकर आली आणि जिल्ह्याच्या गावाला मात्र फार उशिरा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या कंपनीनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू केली. तीच पुढं निजामाच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. दुसऱ्या बाजूनं १९२७ मध्ये ती पंढरपूरवरून मिरजेला भिडली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, १९८२ साली वेगळं झालं. म्हणजे जिल्ह्याच्या बाजारपेठेला रेल्वे मिळाली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाला नाही. उस्मानाबादकरांना येडशीला येऊन गाडी धरावी लागे. रुंद रुळांचं काम झालं तेव्हा मार्ग वळवून शहराजवळ आणला. २००७ साली लातूरकडचा आणि २००८ साली कुर्डुवाडीकडचा टप्पा सुरू झाला, तेव्हा कुठं जिल्ह्याच्या गावाला स्टेशन मिळालं. लातूरला शिट्टी ऐकू आल्यानंतर शहाण्णव वर्षांनी.

माझे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, कापडाची फेरी करायचे. लुंग्या, पंचे, लहान मुलींचे फ्रॉक यांचं गाठोडं सायकलच्या कॅरिअरला बांधून पहाटे उस्मानाबादहून निघत, येडशीला गाडी धरत आणि सायकल मालाच्या डब्यात चढवून बार्शीच्या बाजाराला जात. तिकडं उतरले की पुन्हा पायडल. घरात हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की मला ती सायकल डोळ्यांपुढं दिसते. मी स्वतः त्या छोट्या गाडीत दोनदा बसले, १९९६-९७ च्या सुमाराला. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसाला जाताना. समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचा आणि खिडकीतून हात बाहेर काढला की अम्मीची चापट बसायची. गाडी हळू होती, यात वाद नाही. पण माणूस, त्याचं ओझं आणि त्याची सायकल, तिन्ही एकाच गाडीत मावत होती. आज सायकल न्यायची तर ती पार्सल म्हणून बुक करायची असते. दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीत, लहान स्टेशनावर, हे कोण करणार?

आणखी एक जुनी गोष्ट, आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. हैदराबाद संस्थानात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली, २७ गाड्यांवर. ती चालवत होती निजामाची रेल्वेच. 'रेल्वे'ची पाटी आणि 'मोटार'ची पाटी एकाच खात्याच्या दारावर. १९५१ साली दोन्ही वेगळ्या झाल्या. पुढं १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली एस.टी. महामंडळाच्या छत्राखाली. एस.टी.नं खेड्यापाड्यांसाठी जे केलं ते कुणीच केलं नसतं, हे मी रोज एस.टी.नं जाणारी बाई म्हणून सांगते. पण रेल्वे एका सरकारची, बस दुसऱ्या सरकारची, रस्ता तिसऱ्या कार्यालयाचा, आणि शाळेची वेळ चौथ्याची. चौघांच्या घड्याळांत मेळ घालणं हे कुणाच्याच नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं नाही.

मी येडशीची सून. बारा वर्षं धाराशिवच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. (शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं. बसच्या पाट्या बदलल्या. कंडक्टर कधी हे नाव घेतात, कधी ते. गाडी दोन्ही नावांना तिथंच जाते.) येडशी ते धाराशिव रेल्वेचे रूळ आहेत, दोन्हीकडं स्टेशन आहे. तरी मी बसनंच जाते. कारण साधं आहे. धाराशिवचं स्टेशन गावाबाहेर आहे आणि शाळा गावात. करोनाच्या काळात पॅसेंजर गाड्यांचं कमीत कमी तिकीट तीस रुपये झालं होतं, ते २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा दहावर आलं. आनंद आहे. पण स्टेशनापासून शाळेपर्यंतची रिक्षा दहा रुपयांत येत नाही. एवढ्या लांबचा प्रवास स्वस्त आणि शेवटचा तुकडा महाग, हे गणित सातवीतल्या पोरांनाही सुटतं.

माझ्यासारखीचं तरी भागतं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मं तिकीट आहे, पगार आहे, घरी उशीर झाला तर फोन आहे. मला बोलायचंय ते वाटेतल्या एका फाट्यावर चढणाऱ्या मुलींबद्दल.

हा फाटा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. आत चार किलोमीटरवर त्यांचं गाव. गावात आपली तीसेक घरं आहेत. उर्दू शाळा चौथीपर्यंत. शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. गावात मराठी शाळा आहे, त्यामुळे कागदावर अंतर शून्य. ज्यांनी मुलींना त्या शाळेत घातलं त्यांचं चांगलंच चाललंय. मी स्वतः उर्दूतून शिकवते आणि मराठीतून लिहिते, त्यामुळं माध्यमाच्या भांडणात मला रस नाही. पण ज्या मुलीनं चार वर्षं उर्दूत वाचायला शिकलं, तिच्यासाठी पुढची शाळा चौदा किलोमीटरवर आहे, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. सच्चर समितीनं २००६ सालीच देशभराची आकडेवारी पाहून लिहिलं होतं की मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या खेड्यांना पक्का जोडरस्ता आणि बसथांबा यांची सोय कमी आहे. आपण त्या अहवालातलं नोकऱ्यांचं पान पाठ केलं. बसथांब्याचं कुणी काढलं नाही.

सरकारनं मुलींसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं नाशुक्री ठरेल. बारावीपर्यंतच्या मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी खास निळ्या गाड्या आहेत. त्याच कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलही मिळते. फक्त ती मिळते शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारीला. विचार उघड आहे. जवळची मुलगी सायकलनं येईल, लांबची बसनं. पण आमच्या फाट्याच्या मुलीला दोन्ही लागतं. आधी चार किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर बस. सायकलसाठी ती फार लांब आहे आणि निळी गाडी त्यांच्या गावात जात नाही, कारण मधल्या ओढ्यावरचा नळीचा पूल अरुंद आहे. दोन चांगल्या योजनांच्या मधल्या फटीत ती उभी आहे.

म्हणून सायकली घरच्याच. कुणाच्या भावाची जुनी, कुणाच्या मामानं दिलेली. एकीची तर इतकी उंच की ती दगडावर पाय ठेवून चढते. या सायकली फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलामागं लावल्या जायच्या. हॉटेलवाल्या काकांनी एक लांब साखळी आणली होती, सगळ्या चाकांतून ओवून एकच कुलूप. पैसे घेत नसत. पावसात वर ताडपत्री टाकत. मुली त्यांना संक्रांतीला तिळगूळ मागायच्या आणि ईदला डब्यातून शीरखुर्मा न्यायच्या. सरकारी कागदात याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण हाच आमचा सायकल-बस जोड होता आणि तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला.

मग रस्ता चौपदरी झाला. रस्ता चांगलाच झाला, खोटं कशाला बोलायचं. सोलापूरचा दवाखाना जवळ आला. पण फाट्यावर पूल उठला आणि जलद गाड्या पुलावरून जायला लागल्या. साध्या गाड्या सेवा रस्त्यावर उतरतात, त्याही सगळ्या नाही. हॉटेल जमिनीसकट गेलं. काकांनी दूर पेट्रोल पंपाजवळ नवं टाकलं. सायकली उघड्यावर आल्या. पहिल्याच वर्षी दोन चोरीला गेल्या. एकीच्या वडिलांनी दुसरी घेतली. दुसरीच्या वडिलांनी मुलीला घरी बसवलं.

ती माझ्या वर्गातली, नववीतली. गणितात हुशार. मी त्यांच्या घरी गेले. वडील उसाच्या टोळीवर होते, संध्याकाळी भेटले. मला वाटलं सायकलीचा खर्च अडला असेल, आम्ही शिक्षक मिळून काही जमवू. ते म्हणाले, "आपा, सायकल की बात नै है. इस्कूल दूर नै, फाटा दूर है." मग त्यांनी हिशोब सांगितला. शाळा पाचला सुटते. गाडी पावणेसहाला मिळाली तर फाट्यावर सव्वासहा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. कारखाने चालू, त्यामुळं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना लाल पट्टी. आता तर सायकलही नाही, म्हणजे पोर पायी येणार. "मेरी जगह तुम होते तो भेजते क्या?" मी उत्तर दिलं नाही. मलाही मुलगी आहे.

असं घडलं की आपल्याकडे लगेच 'समाजात मुलींच्या शिक्षणाबद्दल अनास्था' असं लिहिलं जातं. परिसंवादात मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानाला लागतही नाही. अनास्था असती तर या माणसानं नऊ वर्षं शिकवलं असतं का? त्याच गल्लीत मराठी शाळेत जाणाऱ्या दोन मराठा मुलींनी पुढच्या वर्षी अकरावी सोडली, त्याच फाट्यावरून, त्याच अंधारामुळं. त्यांच्या समाजाबद्दल कुणी परिसंवाद घेतला नाही.

बिहार सरकारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं वाढल्याचं आढळलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. मुली घोळक्यानं सायकलींवर निघाल्या की रस्त्यालाही त्यांची सवय होते. तिकडं हॉलंडमध्ये उत्रेख्त शहराच्या स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा २०१९ साली पूर्ण झाली. लोक सायकलवर येतात, खाली लावतात, वर गाडीत बसतात. मी फोटो वर्गात दाखवला. एक मुलगी म्हणाली, "आपा, हमकू बारा की जगह होना बस. हजार नै." वर्ग हसला. पण तिनं मागणी अगदी बरोबर मांडली होती.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती खास आमची. आमच्या शाळेला शुक्रवारी जुम्म्यामुळं अर्धा दिवस असतो आणि शनिवारी पूर्ण. बाकीच्या शाळांचं उलटं. बसच्या शाळेच्या फेऱ्या अर्थातच त्यांच्या आठवड्याप्रमाणं बांधलेल्या. त्यामुळं शुक्रवारी साडेबाराला सुटलेल्या मुली संध्याकाळपर्यंत स्टँडवर, आणि शनिवारी दुपारी त्यांची गाडी त्यांच्याशिवाय निघून जाणार. रमजानमध्ये शाळा सकाळची होते, तेव्हा तर सगळंच विस्कटतं. रोजा असलेली तेरा वर्षांची पोर चार तास स्टँडच्या बाकावर बसून राहते, आणि मग घरचे म्हणतात, या महिन्यात नकोच.

आम्ही अर्ज केला. वेळ बदलून मागितली. साहेबांनी शांतपणे फेऱ्यांचा तक्ता पुढं केला. या गाडीवर तीन शाळा आहेत, तुमच्यासाठी शुक्रवारी हलवली तर त्या मुलींनी काय करायचं? त्यांचं बरोबर होतं. आम्ही गप्प परत आलो. तोडगा निघाला तो एका कंडक्टर बाईंकडून. त्या म्हणाल्या, मॅडम, दुपारी त्याच बाजूची एक गाडी येऊन स्टँडवर दीड तास उभी असते. ती शुक्रवारी लवकर काढली तर कुणाचंच अडत नाही, फक्त आमच्या जेवणाची वेळ बघा. दुसरा अर्ज आम्ही शेजारच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांची सही घेऊन दिला, सोबत त्या दीड तासाची नोंद. तीन आठवड्यांत शुक्रवारी पाऊण वाजता गाडी सुटायला लागली. नवी गाडी नाही, नवा ड्रायव्हर नाही, डिझेलचा थेंब जास्त नाही. आमच्या शुक्रवारच्या हजेरीची वही मी मुद्दाम जपून ठेवली आहे.

म्हणून मोठ्या घोषणा ऐकल्या की मला आनंदही होतो आणि धाकधूकही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग होतो आहे. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या सोलापूरच्या सभेत त्याचा गाजावाजा झाला होता. तुळजापूरच्या यात्रेकरूंची सोय होईल, नवरात्रात रस्त्यावरचा भार उतरेल. शेजारच्या लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आला. तिथं डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. उत्तमच. पण मुंबईची गाडी आमच्या जिल्ह्यातून रात्री जाते, ती मुंबईच्या सोयीनं. मला हवी आहे सकाळी नऊच्या आसपास ढोकी, तडवळे, येडशी करत धाराशिवला येणारी आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरणारी चार डब्यांची साधी गाडी. एका डब्यात दहा सायकली उभ्या करायला जागा, दादांच्या वेळी होती तशी. स्टेशनाबाहेर त्या गाडीला जोडून एक बस. नव्या मार्गावर स्टेशनं उभी राहतील तेव्हा ती गावापासून किती लांब आहेत आणि तिथवर सायकलनं जाता येतं का, हे आताच बघायला हवं. रूळ पडल्यावर ते हलत नाहीत. आमचं गाव शहाण्णव वर्षं त्याचाच अनुभव घेत होतं.

तूर्त आमची लढाई फाट्यावरच्या शेडची आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं मजुरी न घेता माप काढून दिलं. पाइपाचे सहा खांब, वर दहा पत्रे, चाक अडकवायला सळ्या, एक दिवा. पत्र्यांचे पैसे दोन्ही मोहल्ल्यांतून जमलेत. अर्ज २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूरही झाला. आता प्रश्न जागेचा. ग्रामपंचायत म्हणते जागा महामार्गाच्या हद्दीत. महामार्गाचे लोक म्हणतात बसथांब्याचं बांधकाम त्यांच्याकडं नाही. थांब्याचे लोक म्हणतात सायकल हा त्यांचा विषय नाही. बाजूच्या शेतकऱ्यानं बांधाला लागून दीड गुंठा वापरायला देतो म्हटलंय, पण लेखी द्यायला त्याचा भाऊ तयार नाही. पुढच्या आठवड्यात मी आणि मराठी शाळेचे सर त्या भावाला भेटायला जाणार आहोत. तो पुण्याला असतो, रविवारी येतो.

तोवर सायकली पुलाखालच्या खांबाला बांधल्या जातात. हॉटेलवाल्या काकांनी आपली जुनी साखळी मुलींना देऊन टाकली आहे. किल्ल्या दोन आहेत, एक दहावीतल्या मुलीकडं आणि एक माझ्या पर्समध्ये. जूनमध्ये त्या घरी बसलेल्या मुलीची धाकटी बहीण पाचवीला आली. तिचा पाय अजून पायडलला पुरत नाही, ती चुलतबहिणीच्या कॅरिअरवर बसून येते.